खोक्यांतून आलेली गाडी

कॅटरहॅम या ब्रिटिश कंपनीच्या ‘सुपरस्प्रिंट’ या छोट्या, उघड्या गाडीच्या सगळ्या ६० गाड्या अवघ्या ७ तासांत विकल्या गेल्या, तेव्हा मी कामावर होतो. सप्टेंबर २०१७ची गोष्ट. इंग्लंडमध्ये गुडवुडच्या जुन्या ट्रॅकवर दरवर्षी रिव्हायव्हल भरतो, लोक त्या काळचे कपडे घालून जुन्या रेसच्या गाड्या बघायला येतात. तिथे कॅटरहॅमने ही गाडी दाखवली. रुंद विंडस्क्रीन नाहीच, त्या जागी इवलीशी काच, लाकडी स्टिअरिंग आणि जुन्या रेसिंग गाड्यांसारखी रंगसंगती. त्याच्या आदल्या वर्षी आलेल्या ‘स्प्रिंट’च्याही ६०च गाड्या होत्या आणि त्याही अशाच हातोहात गेल्या होत्या. दोन्ही वेळा मी उशिरा पोहोचलो.

मन खट्टू झालं खरं. पण त्याच आठवड्यात लक्षात आलं की ज्या रूपासाठी मी एवढा जीव टाकत होतो ते त्या ६० गाड्यांपुरतं नव्हतंच, ते मूळच्या ‘सेव्हन’ गाडीचं होतं. लोटस कंपनीचा संस्थापक कॉलिन चॅपमन याने १९५७ साली लोटस सेव्हन बाजारात आणली, १९७३मध्ये तिचे हक्क कॅटरहॅमकडे गेले आणि तीच गाडी, तेच उघडं अंग, आजही बनते आहे. शिवाय ती सुट्या भागांत मिळते. घरी आणायची आणि आपल्या हातांनी जोडायची.

यामागे एक मजेशीर इतिहास आहे. त्या काळी ब्रिटनमध्ये तयार गाडीवर खरेदी कर लागे, सुट्या भागांवर नाही. मात्र भागांसोबत जोडणीच्या सूचना दिल्या तर कर लागू व्हायचा. म्हणून लोटस गाडी ‘कशी सुटी करायची’ याच्या सूचना द्यायची आणि गिऱ्हाईक त्या उलट्या क्रमाने पाळायचं.

मी सेव्हन २७० निवडली. १.६ लिटरचं फोर्डचं इंजिन, १३५ अश्वशक्ती, आणि गाडीचं वजन ५४० किलोच्या आसपास. आपल्या मारुती अल्टोपेक्षाही हलकी. २०१८च्या हिवाळ्यात कॉव्हेंट्रीतल्या माझ्या गॅरेजपुढे ट्रक उभा राहिला. वायरिंग, इंधनाच्या आणि ब्रेकच्या नळ्या आधीच बसवलेली चॅसी, म्हणजे गाडीचा सांगाडा, आणि बाकी सगळी खोकी. पहिल्या रात्री मी काहीच जोडलं नाही. खोकी उघडली, प्रत्येक भाग यादीशी ताडून पाहिला आणि बोल्ट मापाप्रमाणे डब्यांत लावले. ही सवय अण्णांची. आमचे अण्णा कोल्हापूरला उद्यमनगरात चाळीस वर्षं फिटर होते. कामाला हात लावण्याआधी सामान मांडून ठेवायचं, नाहीतर हात लावायचाच नाही, हे मी लहानपणापासून बघत आलो.

सुरुवात पुढच्या सस्पेन्शनपासून आणि चाकं वळवणाऱ्या स्टिअरिंग रॅकपासून होते. इथेच मला कळलं की ही गाडी रेसच्या गाडीसारखी का दिसते. नटवायला काही लावलेलंच नाही. चाक धरून ठेवणारे विशबोन बाहेर, हादरे शोषणारे डँपर बाहेर, बोल्टचं डोकंही बाहेर. जे काम करतं तेच नजरेला दिसतं. रविवारी व्हिडिओ कॉल लावून मी फोन टायरजवळ ठेवायचो आणि अण्णा तिकडून बघायचे.

‘टॉर्क पाना हाय का तुझ्याकडं?’ त्यांचा पहिला प्रश्न.

‘हाय की अण्णा.’

‘मग हातातली ताकद बाजूला ठेव. मापात आवळ. आणि आवळल्यावर रंगाची रेघ मार, म्हणजे कुठला झाला, कुठला राहिला हे इसरायचं न्हाई.’

पिवळ्या पेंटची बाटली आणली आणि प्रत्येक बोल्टवर रेघ मारत गेलो. गाडीत अजूनही त्या रेघा आहेत.

सगळ्यात अवघड दिवस इंजिनाचा. इंजिन आणि गिअरबॉक्स बाहेर जोडून घ्यायचे आणि अख्खं धूड होइस्टला, म्हणजे उचलायच्या यारीला, टांगून, तिरकं करून वरून आत सोडायचं. गिअरबॉक्सचं शेपूट दोन सीटांमधल्या बोगद्यात शिरेपर्यंत इंजिनाचं तोंड वर हवं आणि दोन्ही बाजूंना जागा बोटभर. शेजारच्या घरातले निवृत्त गृहस्थ मदतीला आले. ते होइस्ट सांभाळत होते, मी चॅसीशेजारी गुडघ्यावर बसून हाताने वाट दाखवत होतो. कडांना जुनी घोंगडी गुंडाळली होती म्हणून रंगाला ओरखडा आला नाही. पहिला माउंटिंग बोल्ट भोकात सरकला तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते. सकाळी दहाला सुरुवात केली होती.

मागचा ॲक्सल, ब्रेक, रेडिएटर, सीटा हे सगळं त्यामानाने सुरळीत झालं. पहिल्यांदा चालू करताना मात्र घाई करायची नाही. स्पार्क प्लग काढून इंजिन नुसतं फिरवायचं, ऑइल प्रेशरचा काटा हलला की मगच प्लग लावून स्टार्ट द्यायचा. काटा हलेपर्यंतचा तो अर्धा मिनिट मला आजही आठवतो.

इथपर्यंत जोडणी. रस्त्यावर आणायची तर घरी बांधलेल्या गाडीला ब्रिटनमध्ये आयव्हीए नावाची सरकारी तपासणी पास करावी लागते, आणि खरा कस तिथे लागतो. ब्रेक, आवाज, धूर, आरसे, दिवे हे सगळं आलंच. आवाजाची मर्यादा ९९ डेसिबल. पण कारागिराला रात्री जागवतात त्या कडा. बाहेरची कडा किमान २.५ मिलिमीटर त्रिज्येने गोल हवी. तपासनीस १०० मिलिमीटर व्यासाचा गोळा गाडीवरून फिरवतो, जिथे जिथे तो गोळा टेकतो तिथली धार मोजली जाते. पायी चालणाऱ्याला धक्का लागला तर त्याला कापू नये, हा त्यामागचा विचार मला अतिशय पटला. मी दोन आठवडे नटांवर टोप्या आणि पत्र्याच्या कडांवर रबरी पट्टी बसवत होतो.

नंबर प्लेट नसताना गाडी तिथवर न्यायची कशी, हा प्रश्न मला आधी पडला होता. तपासणीची वेळ ठरलेली असेल आणि चॅसी नंबरावर विमा असेल तर थेट केंद्रापर्यंत चालवत नेता येते. तरी मी ट्रेलर केला.

पहिल्यांदा नापास झालो. दोन कारणं. सस्पेन्शनचा एक नट उघडा राहिला होता, त्याची टोपी वाटेत कुठेतरी पडली असावी. दुसरं कारण गंभीर होतं. वळताना स्टिअरिंग सोडलं की चाकं आपोआप सरळ व्हायच्या दिशेला परतली पाहिजेत, माझी परतत नव्हती. हलक्या गाडीत पुढच्या टायरवर भारच कमी, त्यामुळे हे दुखणं यायचंच. घरी येऊन पुढच्या चाकांची तोंडं किंचित बाहेरच्या बाजूला वळवली, टायरची हवा वाढवली आणि रिकाम्या पार्किंगमध्ये तासभर गोल गोल फिरून पाहिलं. स्टिअरिंग हळूहळू का होईना, माघारी फिरू लागलं.

अण्णांना नापासाचं सांगायला मला जड गेलं. ते म्हणाले, ‘मशीन परत आलं म्हंजे तपासणारा नीट हाय. त्याचं बरोबर हाय.’

दुसऱ्या वेळेला पास झालो. मग कागदपत्रं गेली. जवळपास सगळे भाग नवे असतील तर गाडीला चालू वर्षाचा नंबर मिळतो, नाहीतर वय नक्की नसलेल्या गाडीची क्यू अक्षराची पाटी येते. माझ्या पाटीवर १९ आहे, म्हणजे २०१९. २०१९च्या उन्हाळ्यात ती पाटी लावली तेव्हा तिच्या स्क्रूंनाही मी पिवळी रेघ मारली.

पहिले ५०० मैल झाल्यावर गाडी पुन्हा गॅरेजमध्ये घेतली. नवं सामान बसतं, आवळलेलं ढिलं पडू शकतं. फोन टायरजवळ ठेवला, टॉर्क पाना घेतला. ‘डावीकडनं सुरू कर,’ अण्णा म्हणाले, आणि मी पहिल्या बोल्टवर पाना चढवला.