लांब फॉर्म, जुने मोबाइल आणि पट्टीखाली लपणारा रकाना: माझा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात, आमच्या भागात कापूस, तूर, सोयाबीन. इथल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचा सभासद नोंदणीचा वेब फॉर्म माझ्याकडे दुरुस्तीला आला. नाव, गट क्रमांक, आठ-अ वरचं क्षेत्र, पेरा, बँक खातं असा तो बराच लांब आहे. भरतात तो घरातली पोरं मोबाइलवर, नाहीतर सेवा केंद्रातल्या जुन्या कॉम्प्युटरवर.

तक्रार काय आहे हे सेवा केंद्रात बसल्यावरच नीट कळलं. एक काकाजी 'जतन करा' दाबत होते. म्हणाले, "भाऊ, कवाचा दाबून रायलो, काहीच नाई होऊन रायलं." गट क्रमांक राहून गेला होता आणि फोकस (पानावर त्या घडीला निवडलेली जागा, रकान्यात असेल तर टाइप केलेलं तिथंच उमटतं) बरोबर त्याच रकान्यात जात होता. पण पानाच्या माथ्याला चिकटलेली पट्टी नेमकी त्या रकान्यावर येत होती. लाल सूचनाही तिच्याखाली, कर्सरही तिच्याखाली. माणसानं पाहावं तरी काय?

एखाद्या रकान्याला कोडमधून फोकस दिला की ब्राउझर तो रकाना आपणहून नजरेच्या टप्प्यात आणतो. पण आणून ठेवतो कुठं, हे सगळीकडे सारखं नसतं, आणि वरच्या पट्टीचा हिशोब तो आपणहून धरत नाही. त्यात या फॉर्ममध्ये फोकस आणि हळुवार स्क्रोल दोन्ही एकदमच सुटत होते. फोकसनं पान झटक्यात हलायचं आणि स्क्रोल मध्येच तुटायचा.

म्हणून मी दोन्ही कामं वेगळी केली. आधी फोकस द्यायचा, तोही 'प्रिव्हेंट-स्क्रोल' लावून, म्हणजे पान जागचं हलत नाही. मग 'स्क्रोल-इनटू-व्ह्यू' या पान सरकवण्याच्या आज्ञेनं आपण हलवायचं. नुसता रकाना नाही, तर त्याचं नाव, रकाना आणि सूचना असलेला अख्खा चौकोन. त्या चौकोनाला 'स्क्रोल-मार्जिन-टॉप', म्हणजे स्क्रोल थांबताना वर सोडायची जागा, दिलं की तो पट्टीच्या खाली मोकळ्या जागेत थांबतो. पट्टीची उंची मात्र ठोकून लिहिता येत नाही. तिच्यावर सभासदाचं नाव येतं, आणि आपल्याकडची नावं वडिलांच्या नावासकट, मागं राव-बाई लावून, लहान स्क्रीनवर दोन ओळींत जातात. म्हणून आकार बदलला की कळवणाऱ्या 'रिसाइझ-ऑब्झर्व्हर'नं उंची मोजून ती सीएसएसच्या (पानाची मांडणी ठरवणाऱ्या भाषेच्या) व्हेरिएबलमध्ये टाकली, म्हणजे पट्टी वाढली की सोडलेली जागाही वाढते.

'प्रिव्हेंट-स्क्रोल' क्रोममध्ये २०१८ पासून, फायरफॉक्समध्ये २०१९ पासून आणि सफारीत १५ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून आहे. हळुवार स्क्रोल सफारीत १५.४ ला आला. त्याहून जुन्या ब्राउझरला हे पर्याय कळले नाहीत तरी फॉर्म अडत नाही, पान फक्त झटक्यात हलतं. वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी २.२ या मानकात, ऑक्टोबर २०२३ मध्ये, फोकस मिळालेली गोष्ट अशा पट्टीखाली पूर्ण झाकली जाऊ नये असा निकषच आला आहे. माझ्या मते तो प्रत्येक सरकारी आणि सहकारी फॉर्मनं पाळायलाच हवा.

कीबोर्डचं प्रकरण वेगळं. 'जतन करा'चं बटण खाली चिकटवलेलं होतं. एका मोबाइलवर कीबोर्ड उघडला की ते वर सरकायचं, दुसऱ्यावर कीबोर्डमागं जायचं. अँड्रॉइडच्या क्रोमनं १०८ व्या आवृत्तीपासून वागणं बदललं, कीबोर्ड आला तरी पानाची मांडणी आता आक्रसत नाही. पानाची दिसणारी चौकट ठरवणाऱ्या व्ह्यूपोर्टच्या टॅगमध्ये 'इंटरॅक्टिव्ह-विजेट' लिहून जुनं वागणं परत मागता येतं, पण आयफोनच्या सफारीचा त्यावर भरवसा नाही. मी बटण सरळ फॉर्मच्या शेवटी नेलं. दोन्हीकडे प्रश्न मिटला.

आयफोनवर आणखी दोन गोष्टी. रकान्यातली अक्षरं १६ पिक्सेलपेक्षा लहान असली की फोकस होताच अख्खं पान मोठं होतं. तेवढी अक्षरं वाढवली, आपल्या म्हाताऱ्या माणसांनाही बरं. दुसरं असं की सर्व्हरचं उत्तर आल्यावर कोडनं फोकस दिला तर कीबोर्ड उघडतोच असं नाही, त्याला माणसाच्या बोटाचा स्पर्श लागतो. म्हणून रिकामा रकाना, खाते क्रमांकातली अक्षरं असल्या चुका बटण दाबताच मोबाइलवरच तपासल्या जातात. एखादा गट क्रमांक आधीच नोंदवलेला असेल तर ते सर्व्हरच सांगू शकतो. तिथं फोकस रकान्यात न नेता सूचनेच्या मथळ्यावर नेला, त्यासाठी मथळ्याला 'टॅबइंडेक्स' उणे एक दिला (म्हणजे टॅब दाबून तिथं जाता येत नाही, पण कोडनं फोकस नेता येतो), आणि सूचनेतच त्या रकान्याची लिंक दिली.