तुम्ही विचारलंत म्हणून: "काका, ह्याचे किती येतील?"

फोटो येतो आणि खाली एवढीच ओळ असते. फोटोत कुणाच्या तरी वडिलांचा सीआरओ (विजेचा सिग्नल पडद्यावर रेघेनं दाखवणारं यंत्र), फंक्शन जनरेटर (तपासणीसाठी तसा सिग्नल तयार करणारं यंत्र), कधी ८०८५ ह्या जुन्या मायक्रोप्रोसेसरवर शिकायचं किट. वडील गेलेले असतात, नाहीतर फ्लॅट बदलायचा असतो. नाशिकला सातपूरच्या कारखान्यात मी तीस वर्षं इन्स्ट्रुमेंट दुरुस्त केली, म्हणून मला भाव ठाऊक असणार असं सगळे धरून चालतात. मी आकडा सांगत नाही. त्यावरून काहीजण दुखावलेत. ज्ञान दडवून ठेवतो, असंही एकानं तोंडावर सांगितलं. तसं नाहीये. मी एकदा आकडा सांगितला होता.

माझा मित्र सिडकोत राहायचा. १९९१ साली त्यानं २० मेगाहर्ट्झचा, दोन चॅनलचा सीआरओ घेतला, साडेतेरा हजाराला. तेव्हा त्याचा पगार २,६०० होता. पंचवटी एक्स्प्रेसनं मुंबईला जायचं, लॅमिंग्टन रोडवर पार्ट्‌स घ्यायचे आणि संध्याकाळच्या पंचवटीनं परत यायचं, अशा आमच्या कित्येक सुट्ट्या गेल्या. तो सीआरओही आम्ही दोघांनी मांडीवर घेऊनच आणला. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत त्यानं स्वतःची प्रयोगशाळा केली होती.

तो गेल्यावर महिन्याभरानं वहिनींनी बोलावलं. "भाऊजी, मला ह्यातलं काही कळत नाही. तुम्हीच सांगा." मी वही घेऊन बसलो. सीआरओ १५,०००. अ‍ॅव्होमीटर मॉडेल ८ (व्होल्टेज, करंट आणि रोध म्हणजे ओहम मोजणारा काट्याचा मीटर) ८,०००. फंक्शन जनरेटर ५,०००. ८०८५चं किट आणि इप्रॉम प्रोग्रॅमर (मेमरी चिपमध्ये प्रोग्रॅम भरणारं यंत्र) मिळून ६,०००. बाकी किडूकमिडूक ४,०००. बेरीज ३८,०००. कागद फाडून त्यांच्या हातात दिला. हे आकडे मी परदेशी साइटवर बघितले होते, डॉलरचे रुपये करून. तिथे विकणारे मागत होते ते आकडे होते ते. त्या भावानं कुणी घेतलं का, हे मी बघितलंच नव्हतं.

पंधरा दिवसांत एका पॉलिटेक्निकचे शिक्षक आले. सगळं चालू करून बघितलं, हात फिरवला आणि सगळ्याचे मिळून ९,००० देतो म्हणाले. नंबर चिठ्ठीवर लिहून ठेवला. वहिनींचा फोन आला. मी म्हणालो, "देऊ नका वहिनी. माणूस लुटायला आलाय." त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि चिठ्ठी फेकून दिली.

मी खोटं बोललो नव्हतो, हे आजही म्हणतो. त्या सीआरओमागे पाच महिन्यांहून जास्त पगार होता. सोल्डरच्या धुरात बसलेल्या माझ्या मित्राच्या रात्री होत्या. ९,००० ऐकल्यावर मला त्याचाच अपमान वाटला. पण घेणारा त्या रात्रींचे पैसे देत नाही. त्याला सिग्नल बघायचा असतो. वीस-पंचवीस हजारांत नवा डिजिटल स्कोप मिळतो. वजनाला दोन-तीन किलो, सिग्नल थांबवून दाखवतो, पेनड्राइव्हवर साठवतो. अ‍ॅव्होमीटर तर २००८ साली बनायचाच बंद झाला. त्याला ओहम मोजायला १५ व्होल्टची बॅटरी लागते, ती आपल्याकडच्या दुकानात मिळत नाही. हे सगळं मला माहीत होतं. माहीत असून मी १५,००० लिहिले.

दुसरं गिऱ्हाईक आलं नाही. दोन पावसाळे गेले. पत्र्याखालची ओल स्विचच्या संपर्कांत शिरली, आणि आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवणारे सुटे भाग) वापराविना पडून खराब होतात, तसे झाले. मी जाऊन सीआरओ चालू केला. हिरवी रेघ आली, थरथरली, फुगली. मग आतून पट्कन आवाज आला आणि कपॅसिटर गेल्याचा तो वास. हा धंदा केलेल्या माणसाला त्या वासावरून सगळं कळतं. इतका जुना संच आधी उघडून तपासायचा, हळूहळू व्होल्टेज वाढवत न्यायचा. मी घाई केली. वहिनी दारात उभ्या होत्या.

शेवटी भंगारवाला आला. काट्यावर ६२ किलो भरलं. ३० रुपयांनी १,८६० झाले. अ‍ॅव्होमीटरसुद्धा त्यातच गेला. मी तिथेच होतो, आणि तो वेगळा काढा म्हणायला माझं तोंड उघडलं नाही. चहा झाल्यावर वहिनी म्हणाल्या की मुलीच्या शेवटच्या वर्षाच्या फीला त्यांनी ते ३८,००० धरले होते. पतसंस्थेतून कर्ज काढलं. मला एका शब्दानं बोलल्या नाहीत.

म्हणजे मिळेल त्या भावात लगेच विकावं, असं मी म्हणतोय का? काही वर्षं म्हणत होतो. मग पुण्याच्या एका मुलाचा फोन आला. तो गिटारचा आवाज खरखरीत करणारे फझ पेडल बनवतो, त्याला एसी १२८ हवे होते, जुने जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर. एकेक मोजून, करंटची गळती कमी असलेले निवडून घेणार होता, आणि नगाला जो भाव देत होता तो ऐकून मी गप्पच झालो. मित्राकडे बिस्किटांचा अख्खा डबा भरून होते. माझ्या वहीत ते 'किडूकमिडूक'मध्ये आले होते आणि त्या ६२ किलोत गेले. तेव्हा थांबायला सांगणारा मी पूर्ण चुकीचा होतो, असंही म्हणता येत नाही. ज्याला १५,००० लावले त्याचं भंगार झालं, आणि ज्याच्याकडे बघितलंही नाही ते कुणीतरी शोधत होतं. पुढच्या दहा वर्षांत कशाला मागणी येईल, ते मी तुमच्या फोटोवरून कसं सांगू?

तरी फोटो पाठवा. पुढून, मागून, आणि नावपट्टी वाचता येईल असा. धूळ पुसू नका, आतलं काही हलवू नका, आणि मी येईपर्यंत प्लग लावू नका. डबे, बाटल्या, खोके उघडून त्यांचेही फोटो काढा. आणि आधी कुणी बघून गेलं असेल, कितीही कमी बोललं असेल, तर त्याचा नंबर जपून ठेवा.