शेऽठ

पनवेल स्टेशनबाहेरचा वडापाववाला मला ‘शेठ’ म्हणतो. महिनाअखेरीस, खिशात शंभराची एकुलती नोट असतानाही म्हणतो. ‘‘शेऽठ, सुट्टे बघा ना!’’ सुट्टे हवे असले की शब्द जरा लांबतो. माझ्यामागे उभ्या असलेल्या कॉलेजातल्या पोरालाही तो शेठच म्हणतो, त्यामुळे हुरळून जायचं कारण नाही.

पनवेल, उरण, अलिबागकडे हा शब्द नावाला शेपटासारखा चिकटतो. वाढदिवसाच्या बॅनरवर तर तो नसला तर कार्यकर्ते रुसायचे. मान द्यायला शेठ, आणि तासभर उशिरा उगवलेल्या मित्राला टोमणा मारायलाही शेठच : ‘‘या शेठ, पायघड्या घालू का?’’ फरक फक्त सुराचा.

मुळात हा संस्कृतातला श्रेष्ठिन्, म्हणजे व्यापाऱ्यांचा म्होरक्या. प्राकृतात त्याचा सेट्ठि झाला, पुढे शेट आणि शेठ. जुन्या काळी पेठ वसली की तिथे शेटे-महाजनांचं वतन असे. नाना शंकरशेटांच्या नावात तो असा मुरला आहे की वेगळा दिसतही नाही. तेव्हा शेठ व्हायला पदरी काहीतरी असावं लागे. आता समोरच्याला सुट्टे हवे असले तरी पुरतं.

कार्ल्याला चैत्यगृहाच्या ओसरीत, डाव्या टोकाला, ब्राह्मीतला एक लेख आहे. वैजयंतीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या बनवासीच्या, भूतपाल नावाच्या सेठीने हे शैलगृह पुरं केलं, जंबुद्वीपात उत्तम असं. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा हा मजकूर. दानाचा लेख खरा, पण त्यात ‘जंबुद्वीपात उत्तम’ घालायला शेठ विसरले नाहीत. बॅनरवाल्यांना उगाच हसतो आपण.

चैत्यगृहाच्या दाराशीच एकवीरा आईचं देऊळ. आमच्याकडची आगरी-कोळी मंडळी वर्षभर तिथे येतात, चैत्रात तर पालख्या घेऊन. मागच्या खेपेला मी मान वाकडी करून ती अक्षरं न्याहाळत होतो, वाचता एक येत नव्हतं. मागून कुणीतरी खांद्यावर थाप मारली. डोक्यावर गुलाल, हातात नारळ, मागे पंधरा-वीस माणसं दाटीवाटीने उभी.

‘‘ओ शेठ, जरा फोटो काढा ना आमचा!’’