तुम्ही विचारलंत म्हणून: एफ-५ दाबली की ~ का उमटतं?

हा प्रश्न मला वर्षातून चार-पाच वेळा तरी येतो, आणि पाठोपाठ दुसरा: "कीबोर्ड बदलू का?" नका बदलू. त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही.

टर्मिनलवरच्या (म्हणजे नुसत्या अक्षरांच्या, कमांड टाइप करायच्या पडद्यावरच्या) प्रोग्रामला एफ-५ नावाची कळ दिसतच नाही. कळ दाबली की कन्सोल, म्हणजे मशीनचा स्वतःचा टर्मिनल-पडदा, त्याच्याकडे तीन ते पाच अक्षरं पाठवतो: पुढे एस्केप नावाचं न दिसणारं अक्षर, मागे शेपूट. लिनक्सच्या कन्सोलवर एफ-१ म्हणजे एस्केप, दोन चौकटी कंस आणि ए. एक्सटर्ममध्ये (खिडकीत चालणारं टर्मिनल) तीच कळ एस्केप, ओ, पी पाठवते. हे ओ-पी १९७८ सालच्या व्हीटी-१०० टर्मिनलच्या पीएफ-१ कळीचं. टर्मिनल भंगारात गेलं, अक्षरं अजून नांदताहेत. प्रोग्राम 'टर्म' या व्हेरिएबलमधलं टर्मिनलचं नाव वाचतो, त्या नावाखालची नोंद टर्मइन्फो या टर्मिनलांच्या सूचीत बघतो आणि तेवढंच ओळखतो. नाव चुकलं की काही अक्षरं गिळली जातात, उरलेली पडद्यावर सांडतात. तुमचं ~ हे त्यातलंच.

माझी फजिती फ्रीबीएसडी या युनिक्स पठडीतल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या ८ वरून ९ वर जाताना झाली. ९ पासून कन्सोल 'कॉन्स२५' ही आपली जुनी बोली सोडून एक्सटर्मसारखा बोलू लागला. अपग्रेडने विचारलं, जुनी 'टीटीवायएस' फाईल (कुठल्या लाईनवर कुठलं टर्मिनल, याची यादी) ठेवू? रात्रीचा एक वाजला होता, मी हो म्हटलं. मग मिडनाइट कमांडर या फाईल हाताळायच्या प्रोग्राममधून एफ-१० ने बाहेरच पडता येईना. (एस्केप आणि मग शून्य दाबलं तरी चालतं, हे मला नंतर कळलं.) गंमत म्हणजे ऑल्ट-एफ-२ ने दुसरा कन्सोल व्यवस्थित उघडत होता, कारण ती जोडी कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, मधल्यामध्ये उचलतो, प्रोग्रामपर्यंत जाऊच देत नाही. तिथूनच मी मिडनाइट कमांडर मारला, म्हणजे जबरदस्तीने बंद केला.

दुरुस्ती दोन मिनिटांची: टीटीवायएसच्या तिसऱ्या रकान्यात कॉन्स२५ च्या जागी एक्सटर्म, इनिटला (सिस्टिमचा पहिला प्रोग्राम) फाईल पुन्हा वाचायला सांगणारा हँगअप सिग्नल आणि पुन्हा लॉगिन.

बरेच जण त्याऐवजी प्रोफाइलमध्ये, म्हणजे लॉगिनच्या वेळी वाचल्या जाणाऱ्या फाईलमध्ये, टर्मची ओळ ठोकून देतात. मला ते अजिबात पटत नाही. त्या ओळीला तुम्ही कन्सोलवर बसलाय, सिरियल लाईनवर की एसएसएचवरून (नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनवरून) आलाय, हे कुठे माहीत? एसएसएच तर खरं नाव स्वतःच घेऊन येतं. तुमची ओळ ते पुसून टाकते.

तेव्हा पुढच्या वेळी कंट्रोल-व्ही दाबून मग ती कळ दाबा, जे उमटेल ते आणि टर्मची किंमत मला पाठवा. कीबोर्ड कुठल्या कंपनीचा, ते नको.