पेचला मुक्काम करा, पण पेच शेवटी बघा

बुडापेस्टहून पेचला रेल्वेने साधारण तीन तास लागतात, त्यामुळे सकाळी जाऊन रात्री परत यायचा मोह होतो. माझं आग्रहाचं सांगणं आहे, तसं करू नका. दक्षिण हंगेरीतल्या या शहरात मुक्काम टाका, आधी आसपासची गावं पालथी घाला आणि शहर मागाहून बघा. पेचच्या मुख्य चौकात, सेचेन्यी चौकात, तुर्की घुमटाचं एक कॅथलिक चर्च आहे. घुमटावर चंद्रकोर आणि तिच्यावर क्रूस. ही वास्तू उमगायची तर पूर्वेचं मोहाच आणि पश्चिमेचं सिगेतवार पाहून यावं लागतं, आणि तेही याच क्रमाने.

मोहाच डॅन्यूबच्या काठी आहे. गाव छोटं, नदीवर पलीकडे नेणारी फेरीबोट, काठावर निवांत बसलेली माणसं. रणभूमीचं स्मारक मात्र गावाच्या दक्षिणेला काही किलोमीटरवर, शेतांच्या मधोमध आहे. टॅक्सी करा किंवा सायकल घ्या. २९ ऑगस्ट १५२६ रोजी इथे ओस्मानी तुर्कांचा सुलतान सुलेमान याच्या फौजेने हंगेरीचं सैन्य जेमतेम दोन तासांत मोडलं. राजा दुसरा लायोश वीस वर्षांचा होता. पळताना चेले नावाच्या ओढ्यात तो बुडून मेला. सेनापती तोमोरी हा आर्चबिशप होता, तोही लढाईतच पडला.

इथे उभं असताना मला पानिपत आठवलं, कारण ते साल तेच आहे. एप्रिल १५२६ मध्ये बाबराने इब्राहिम लोदीला हरवलं ते गाडे एकमेकांना बांधून, त्यांच्या आडून तोफा-बंदुका चालवून. ती रीत त्याने ओस्मानी तुर्कांकडूनच उचलली होती. चार महिन्यांनी मोहाचला हंगेरीचं चिलखती घोडदळ साखळ्यांनी जोडलेल्या अशाच तोफांवर जाऊन आदळलं. शाळेत पाठ केलेल्या एका सनाला युरोपात असा जुळा भाऊ असेल, हे मला तिथे जाईपर्यंत कधी जाणवलं नव्हतं.

सामूहिक कबरी १९६० नंतर सापडत गेल्या आणि १९७६ मध्ये, लढाईला ४५० वर्षं झाली तेव्हा, हे स्मारक खुलं झालं. गवतात कोरीव लाकडी खांब उभे केले आहेत, काही माणसांचे, काही घोड्यांचे. माहितीफलक वाचून झाले तरी लगेच निघू नका, खांबांमधून सावकाश फिरा. फेब्रुवारीत आलात तर गावात बुशोंचा उत्सव असतो. लाकडी मुखवटे आणि मेंढीची कातडी घालून माणसं घंटा वाजवत रस्त्यांवर उतरतात. याच वेशात गावकऱ्यांनी तुर्कांना पळवून लावलं अशी दंतकथा आहे. २००९ पासून हा उत्सव युनेस्कोच्या वारसा यादीत आहे.

सिगेतवारला पेचहून रेल्वेने जाता येतं. किल्ला म्हटला की आपले पाय चढणीची तयारी करतात, पण हा भुईकोट आहे. एकेकाळी सभोवती पाणी आणि दलदल होती, तेच त्याचं खरं संरक्षण. आता तिथे सपाट जमीन आणि झाडं आहेत, त्यामुळे तटावर उभं राहून ते पाणी मनानेच भरावं लागतं. १५६६ च्या ऑगस्टमध्ये सुलेमान परत आला तेव्हा तो ७१ वर्षांचा होता. किल्लेदार मिक्लोश झ्रिन्यीकडे शिबंदी अडीच हजारांच्या आसपास. महिनाभर वेढा चालला. बाहेरची वस्ती पडली, मग आतला कोट जळू लागला, तेव्हा झ्रिन्यी उरलेल्या माणसांना घेऊन दरवाजा उघडून बाहेर पडला आणि लढता लढता मेला. शेवटच्या दिवशी त्याने भरजरी कपडे घातले, खिशात सोन्याची नाणी ठेवली, असं सांगतात.

हा विजय बघायला सुलेमान उरला नव्हता. किल्ला पडण्याच्या आदल्या एक-दोन दिवसांतच तो छावणीत वारला. वजीर सोकोल्लू मेहमेद पाशाने शाहजादा सेलीम येऊन पोचेपर्यंत ही बातमी फौजेपासून कित्येक आठवडे लपवून ठेवली. गावाबाहेर तुर्की-हंगेरियन मैत्रीची बाग आहे. तिथे सुलेमान आणि झ्रिन्यी यांचे पुतळे शेजारी शेजारी आहेत. ज्या माणसाने आपला किल्ला बेचिराख केला त्याचा पुतळा आपल्याच गावात मानाने उभा करू देणं सोपं नाही. मी तिथे बराच वेळ बसून होतो. किल्ला पाहून तसेच परत फिरू नका, या बागेपर्यंत जाच.

विलान्य लाल वाइनसाठी, हरकान्य गंधकाच्या गरम पाण्यासाठी, शिक्लोश किल्ल्यासाठी. तिन्ही जवळजवळ आहेत. निवडायचंच असेल तर शिक्लोश निवडा, तिथे किल्ल्याखाली एक जुनी तुर्की मशीदही आहे. शाकाहारी मंडळींनी फ्योझेलेक मागावं, ती दाट रसाची भाजी असते. पण वर मांस घालू नका, हे आधी सांगायचं.

एवढं झाल्यावर पेच बघा. तुर्कांनी ते १५४३ मध्ये घेतलं आणि १६८६ पर्यंत ठेवलं. चौकातलं ते चर्च म्हणजे कासिम पाशाची मशीद. मक्केकडे तोंड असल्यामुळे ती चौकाच्या रेषेत बसत नाही, तिरकी उभी आहे. आत मेहराबचा कोनाडा अजून आहे. तुर्कांना हटवणाऱ्या ख्रिस्ती जेत्यांनी ती पाडली नाही, चर्च म्हणून वापरली. याकोवाली हसन पाशाच्या मशिदीचा तर मिनारही शाबूत आहे. रोमन काळातली, चौथ्या शतकातली ख्रिस्ती दफनघरं जमिनीखाली आहेत, त्यांना अर्धा दिवस द्या. झोल्नाय कारखान्याची झळाळती चिनीमाती शहरभर दिसतेच.

पुढे जायचं तर उलट बुडापेस्टला जाऊ नका. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, त्यामुळे हंगेरीचा तोच व्हिसा चालतो, फक्त हंगेरीच्या फोरिंटऐवजी युरो लागतात. ओसियेक जवळ आहे. मी मात्र झाग्रेब निवडेन: सिगेतवारवरून जाणाऱ्याच मार्गाने ज्येकेन्येश या सीमेवरच्या स्टेशनला जायचं आणि तिथे झाग्रेबची गाडी पकडायची. जोडगाड्या कमी, म्हणून वेळापत्रक आधी पाहून ठेवा. झाग्रेब स्टेशनातून बाहेर पडून बागांच्या कडेने सरळ चालत गेलात की झ्रिन्येवाच चौक लागतो. तो निकोला शुबिच झ्रिन्स्कीच्या नावाने आहे, म्हणजे सिगेतवारच्याच किल्लेदाराच्या. तो क्रोएशियाचा बान, म्हणजे राजाचा तिथला प्रमुख अधिकारी, होता, आणि दोन्ही देश त्याला आपला मानतात. तेव्हा जमलं तर परतीचं विमान झाग्रेबहूनच घ्या.