पाखाडीवर गेलेला ब्रेक

एका सायकलीच्या मागच्या ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे चाकापाशी डिस्क दाबणारा भाग, आणि त्याचा लिव्हर माझ्याकडे आहे. प्लास्टिकच्या पिशवीत, वर मार्करने तारीख घालून. तो तीन जणांना हवाय. प्रत्येकाला कशासाठी हवाय तेही मला ठाऊक आहे, म्हणून अजून कुणालाच दिलेला नाही.

माझं रत्नागिरीत सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. दिवाळी ते शिमगा या दिवसांत मुंबई-पुण्याकडचे ग्रुप माउंटन बाइक घेऊन आमच्या सड्यांवर येतात, तेव्हा आयोजक मला मेकॅनिक म्हणून सोबत घेतात. माझी जागा सगळ्यात मागे. मागे राहणाऱ्याला बाकी काही नाही तरी सायकलींचा आवाज नीट ऐकू येतो, आणि कुठली सायकल आज घात करणार ते आवाजावरून पुष्कळदा कळतं.

बाहेरच्यांना वाटतं माउंटन बाइक म्हणजे मोठाले डोंगर. आमच्याकडे ती भानगड नाही. भाट्याचा पूल ओलांडून पावसच्या अंगाला चढलात की वर सपाट कातळ लागतो, मैलोन्‌मैल. तो सडा. सड्याची कड आली की जमीन एकदम खाली खाडीकडे किंवा वाडीकडे तुटते. उतार शे-सव्वाशे मीटरचा, पण उभा. वर जांभा सायकलीला काय करतो ते फक्त दुरुस्ती करणाऱ्याला माहीत. त्याच्या कडा टायरची बाजू चिरतात, तिथे भोक बुजवणारं सीलंट काही कामाचं नाही, आतून ठिगळच लागतं. त्याची लाल धूळ ब्रेकच्या पॅडमध्ये बसून डिस्क घासत राहते. त्यात खारा वारा. घाटावर वर्षभर चालणारी चेन इथे एका मोसमात गंजून आखडते, आणि मग गिऱ्हाईक मला विचारतं, तुम्ही डुप्लिकेट चेन घातलीत का?

त्या दिवशीचा ग्रुप नेहमीसारखाच होता. निम्मे लोक चांगले चालवणारे, निम्मे चांगल्या सायकली असणारे. सड्यावर एका ठिकाणी कातळशिल्पं आहेत. आयोजकांच्या माणसाला तिथे सायकली आडव्या लावून फोटो हवे होते. मी आडवा आलो. 2022 साली कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली, तरी लोकांना अजून त्यावर चाक घालायची हौस आहे. तो माझ्यावर तिथेच नाराज झाला. हे सांगतोय कारण पुढे पाखाडीवर, म्हणजे सड्यावरून उतरणाऱ्या पायरीवाटेवर, त्याने माझं का ऐकलं नाही, त्यात या नाराजीचा वाटा असावा असं मला वाटतं.

एक मुलगा, असेल पंचविशीचा, सपाटीवरच मागे पडत होता. दमलेला दिसत नव्हता. सायकल नवीच, महागाची, पण पायडल थांबवलं की लगेच मंदावायची, जशी कुणी मागून धरलीय. थांबायला लावलं आणि मागच्या डिस्कवर बाटलीतलं पाणी टाकलं. चर्र झालं. सपाट सड्यावर, जिथे ब्रेक लावायचं कारणच नाही, तिथे डिस्कवर पाणी चरचरतंय. मी चाक काढून पॅड मागे ढकलायला गेलो तर पिस्टन हलेनात. दमाने ढकलले, थोडे सरकले. त्याला विचारलं, ब्रेकचं काम कधी केलंत? म्हणाला, गेल्या महिन्यात दोन्हीचं ऑइल बदललंय, मोठ्या दुकानात. "मोठ्या" शब्दावर जोर होता.

सड्यावर ब्रेकचं तेल बदलता येत नाही. मी त्याला सांगितलं, आयोजकांच्या माणसालाही सांगितलं, की हा पाखाडी चालत उतरेल, सायकल हाताने धरून. दोघेही हो म्हणाले.

पाखाडी म्हणजे सड्यावरून वाडीत उतरणारी जांभ्याची पायरीवाट. ज्यांनी ती बांधली त्यांच्यापुढे डोक्यावर भारा घेतलेली बाई होती, सायकल नव्हती. पायरी बुटकी, पण पाऊल टाकायला लांब, म्हणजे भारा घेऊन एका पायरीवर दोन पावलं पडतात. प्रत्येक पायरीला किंचित बाजूला कल, पाणी पायरीवर न थांबता कडेच्या पन्हळीत जावं म्हणून. इथे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तरी ती वाट धुपत नाही. परदेशात सायकलीच्या वाटा आखणारे एक नियम पाळतात: वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नको, नाहीतर पाणी वाटेवरूनच धावतं. पाखाडी तो नियम सर्रास मोडते, थेट उतारानेच जाते, आणि दगडाच्या जोरावर टिकते. मला तिच्याबद्दल फार आदर आहे. सायकल घेऊन उतरायला मजा येते हेही खरं. पण कोरड्या दिवसांत पायऱ्यांवर जांभ्याची बारीक रेव साचते, आणि तीवर पुढचा ब्रेक जोरात दाबला की संपलं.

मुलगा अर्धी पाखाडी चालत उतरला. मी त्याच्या मागेच होतो. खालच्या वळणावर आयोजकांचा माणूस मोबाइल धरून उभा, प्रत्येकाचा व्हिडिओ घेत होता. त्याने हाक मारली, "अरे ये की, शेवटच्या पायऱ्या तर राहिल्यात, सोपं आहे!" खाली उभे असलेले सगळे ओरडायला लागले. मुलगा सायकलवर बसला. मी नको म्हणून ओरडलो, पण ते कुणाला ऐकू जातंय.

चार-पाच पायऱ्या ठीक गेल्या. मग मागचा लिव्हर सरळ हँडलला टेकलेला मी बघितला. आत काहीच नसल्यासारखा. त्याने घाबरून पुढचा दाबला. पुढचा चालला, आणि तो डोक्यावरून कडेच्या गडग्यावर गेला.

कॉलरबोन मोडलं, हेल्मेट चिरलं, बाकी शाबूत. वाडीतल्या पोरांनी प्लास्टिकच्या खुर्चीला दोन बांबू बांधले आणि आम्ही सायकली बाजूला करेपर्यंत त्याला खाली रस्त्यावर नेऊन रिक्षात घातलाही. दुखणाईत माणूस उचलायची त्यांना सवय आहे. कोकणात कितीतरी वाड्यांना अजून रस्ता टेकलेला नाही.

मी मात्र सायकलीपाशी थांबलो. मला तेल बघायचं होतं.

ब्रेक शिमानो कंपनीचा. त्यात मिनरल ऑइलच जातं, दुसरं काही नाही. स्रॅम या दुसऱ्या कंपनीच्या बऱ्याच ब्रेकमध्ये डॉट नावाचं तेल जातं, तेच जे मोटरसायकलीच्या ब्रेकमध्ये घालतात. दोघांची सीलं वेगळ्या रबराची. मिनरलच्या सीलांना डॉट लागलं की ती फुगतात, मऊ पडतात. हे आमच्या धंद्यातलं पहिलीचं पुस्तक आहे. शिमानोचं तेल गुलाबी असतं. मी 7 नंबरचा पाना लावून तेल काढायचा निपल सैल केला, तर जे आलं ते चहाच्या पाण्यासारखं. पण जळलेलं तेलही काळपट होतं, त्यामुळे नुसत्या रंगावर मी बोट ठेवणार नव्हतो.

पाखाडीच्या पायथ्याच्या घरातल्या आजींकडे काचेचा ग्लास मागितला, पाणी घातलेला. त्यात थेंब सोडले. मिनरल ऑइल पाण्यावर तरंगतं. डॉट पाण्यात विरघळतं. वर फिकट गुलाबी तवंगाचं एक लहानसं वर्तुळ राहिलं आणि बाकी सगळं धुरासारखं खाली उतरून पाण्यात मिसळलं. म्हणजे जुनं तेल पुरतं काढलं नव्हतं आणि वरून डॉट भरलं होतं. मोठ्या दुकानात.

आजी वाकून बघत होत्या. मी म्हटलं, हा ग्लास आता फोडून टाका, हे विषारी असतं, धुऊन वापरू नका. त्या म्हणाल्या, "सहाचा सेट व्हता ओ." पुढच्या आठवड्यात मी नवा सेट नेऊन दिला. आयोजकांना बिल लावलं, त्यांनी ते अजून दिलेलं नाही.

आता गोष्ट सरळ वाटते, पण नाही. तापलेलं तेल फुगतं, म्हणून लिव्हरमध्ये त्याला वरच्या टाकीत परत जायला एक बारीक भोक असतं. तिथलं सील फुगलं की भोक बंद. मग तेल जाणार कुठे? ते पिस्टन पुढे रेटतं, पॅड डिस्कला लागतात, अजून तापतं, अजून फुगतं. सपाट सड्यावरची चरचर तीच. डॉट हवेतलं पाणी ओढून घेतं. ताजं 'डॉट चार' प्रकारचं तेल 230 अंशांच्या खाली उकळत नाही, पण पाणी शोषलेलं 155 वर उकळू शकतं. त्या दुकानातली बाटली किती दिवस उघडी होती देव जाणे. उकळलं की आत वाफ, आणि तेल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. लिव्हर हँडलला.

पण पॅडही मी काढून बघितले. ते काचेसारखे चकचकीत झाले होते, पुढचेसुद्धा. म्हणजे हा गडी नेहमीच ब्रेकवर बोट ठेवून चालवणारा. पाखाडीवरही तसाच उतरला. दोष नसलेला ब्रेकही अशाने तापतो. 1976 पासून कॅलिफोर्नियात मरीन काउंटीच्या डोंगरात जुन्या सायकलींच्या ज्या शर्यती व्हायच्या, त्यात एका उतारात मागच्या चाकाच्या हबमध्ये बसवलेल्या ब्रेकचं ग्रीस जळून धूर निघायचा आणि दर खेपेला नवं भरावं लागायचं. पण तो उतार चारएकशे मीटरचा. आमची पाखाडी त्याच्या पाव, आणि हा निम्मी चालत उतरलेला. माझ्या हिशेबाने इतक्याशा उतारात धड ब्रेक उकळत नाही. हिशेबाने. कागदावर लिहून द्या म्हटलं तर माझा हात अडतो, कारण किती टक्के तेल आणि किती टक्के बोट, हे त्या पिशवीतल्या धातूच्या तुकड्यावरून कुणीच सांगू शकणार नाही.

आणि लिहून तर सगळ्यांनाच हवंय. आयोजकांना हवंय की मेकॅनिकने मनाई केली असताना स्वार बसला. हे खरंच आहे, फक्त त्यात मोबाइल धरून हाक मारणारा माणूस येत नाही. व्हिडिओ मागितला तर म्हणे डिलीट झाला. दुकानवाल्याला कॅलिपर "तपासायला" हवाय. मी म्हटलं, या, माझ्यासमोर तपासा, ग्लास मी आणतो. आलेला नाही.

तिसरी ग्रामपंचायत. त्यांनी सायकलींना पाखाडी बंद केली, आणि त्यांना कॅलिपर हवाय तो बैठकीत दाखवायला, की बघा असलं सामान घेऊन ही माणसं येतात. एका काकांनी मला दोन पायऱ्या दाखवल्या, कडा उडालेल्या. "शिमग्याला पालखी हितून जाते. खांदा देणाऱ्याचा पाय मुरगळला तर तुमी येनार काय?" मला उत्तर नव्हतं. सड्यावरून बाजूने, तिरकी, खास सायकलींची वाट काढता येईल, मी आयोजकांना कधीपासून सांगतोय. पण त्याला पैसे हवेत, आणि जमीन ज्या सातबाऱ्यावर आहे त्यावर इतके हिस्सेदार आहेत की निम्मे मुंबईत आणि उरलेले एकमेकांशी बोलत नाहीत. कोकणात वाट काढणं सोपं, सह्या गोळा करणं कठीण.

शेवटी मी जे बघितलं तेवढंच लिहिलं. सपाटीवर डिस्क गरम, पिस्टन अडकलेले, चालत उतरायला सांगितलं, खालून हाक आली, लिव्हर हँडलला टेकला, तेलात डॉट. आयोजकांनी "खालून हाक आली" काढायला सांगितलंय. मी काढणार नाही, त्यामुळे या मोसमात त्यांचा फोन बहुधा येणार नाही. दुसऱ्या एका ग्रुपने बोलावलंय. त्यांना मी कळवलंय की सुरुवातीला प्रत्येक सायकलीच्या तेलाचा थेंब पाण्यात टाकून बघणार. त्यांना ते जरा अतिच वाटतंय.

परवा त्या मुलाचाच फोन आला. हात अजून झोळीत, पण सायकल कधी मिळेल विचारत होता. मी सांगितलं, दोन्ही ब्रेक पूर्ण बदलावे लागतील, लिव्हरपासून कॅलिपरपर्यंत, नळीसकट. आतली सीलं सुटी मिळत नाहीत. आकडा सांगितला. तो जरा वेळ गप्प बसला.

"काका, नुसतं ऑइल बदलून नाही का चालणार?"

मी नाही म्हटलं.

"बरं. मग एकदा त्या दुकानात विचारून बघतो."