खाऱ्या वाऱ्यातला एसी : आमच्या खानावळीतील दुरुस्तीचा अनुभव

मालवणजवळ किनाऱ्यालगत आमची मासळीच्या जेवणाची खानावळ आहे. तिच्यातील तीसेक माणसांच्या वातानुकूलित दालनाचा एसी दर उन्हाळ्यात गार करण्याचे सोडून देत असे आणि दर उन्हाळ्यात त्यावर एकच उपाय होत असे, तो म्हणजे गॅस भरणे. दुरुस्तीला येणारा माणूस नळीला गेज लावी, काटा पाही, "वयनी, गॅस संपलो, भरूक होयो," म्हणे, सिलिंडर जोडी आणि पैसे घेऊन जाई. दालन पुन्हा गार होई, मे महिन्याची गर्दी निभावली जाई आणि पुढच्या एप्रिलात काटा पुन्हा खाली उतरलेला असे. हा फेरा मोडून यंत्र खऱ्या अर्थाने दुरुस्त करून घेताना जे कळले ते सविस्तर लिहीत आहे. किनाऱ्यावर लहान हॉटेल, दवाखाना, पार्लर किंवा दुकान चालवणाऱ्यांना त्यातले बरेचसे जसेच्या तसे उपयोगी पडावे.

फेरा मोडला तो कुडाळहून आलेल्या एका जुन्या, अनुभवी मेकॅनिकमुळे. मागील बिले त्यांनी शांतपणे चाळली आणि विचारले, "गॅस म्हणजे काय पेट्रोल आसा, जळान संपाक?" एसीतील गॅस बंद नळ्यांमधून फिरतो, आतल्या कॉइलमध्ये तो खोलीची उष्णता उचलतो, बाहेरच्या कॉइलमध्ये ती सोडतो आणि परत आत येतो. या फिरण्यात तो खर्च होत नाही. तो कमी झाला असेल तर कुठून तरी बाहेर गेला आहे, आणि ती जागा सापडेपर्यंत मी गॅस भरणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. हंगामाच्या तोंडावर हे ऐकायला कठीण होते, पण आदल्या सगळ्या बिलांवर "गॅस चार्जिंग" यापलीकडे एक अक्षरही नव्हते, ही गोष्ट नाकारता येण्यासारखी नव्हती. गॅस कमी असताना कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबून फिरवणारा पंप, न थांबता चालत राहतो आणि खोली गार न करताच वीज खातो, शिवाय परतणाऱ्या थंड गॅसवरच त्याचे स्वतःचे गार राहणे अवलंबून असल्याने तो तापून जळण्याची वेळ येते, हेही त्यांच्याकडूनच समजले.

शोधाची पद्धत पाहण्यासारखी होती. यंत्रात उरलेला गॅस त्यांनी हवेत न सोडता वेगळ्या सिलिंडरमध्ये काढून घेतला. मग नळ्यांमध्ये कोरडा नायट्रोजन सुमारे चारशे पीएसआय (दाबाचे एकक) दाबापर्यंत भरला आणि साबणाच्या पाण्याचा ब्रश प्रत्येक जोडावरून फिरवला. इथे एक इशारा देणे आवश्यक आहे. वेल्डिंगच्या सेटमधला ऑक्सिजन भरून ही चाचणी उरकणारे लोक आहेत. दाबाखालचा ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरचे तेल एकत्र आले की स्फोट होऊ शकतो. कोणी तसे करू लागला तर त्याला तिथेच थांबवावे. आतल्या कॅसेट (छतात बसवलेल्या) युनिटच्या जोडांचे नट कोरडे निघाले. बाहेरच्या युनिटचे आवरण काढल्यावर मात्र फार शोधावे लागले नाही. कॉइलच्या अगदी तळाशी तांब्याच्या नळ्या जिथे वळतात तिथे तेलकट काळपट डाग होता, त्याच्या कडेने हिरवट बुरशीसारखा थर चढला होता, आणि त्या वळणावर साबण लावताच एक बुडबुडा हळूहळू फुगला, फुटला आणि त्याच ठिकाणी पुन्हा फुगू लागला. शेजारच्या पत्र्यांना, म्हणजे फिन्सना, बोट लावले तर पांढरी पूड हाताला येत होती.

कारण समुद्र आहे, पण तेवढे म्हणून भागत नाही. कॉइलच्या नळ्या तांब्याच्या आणि त्यांना बिलगलेल्या फिन्स ॲल्युमिनियमच्या असतात. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले असले आणि त्यांच्यावर मिठाचा दमट थर बसला की त्यांच्यात बारीकसा विद्युतप्रवाह सुरू होतो आणि आधी ॲल्युमिनियम झिजू लागते. निळा लेप दिलेल्या फिन्स काही काळ तग धरतात, पण कापलेल्या कडांशी लेप अपुरा पडतो. आमचे बाहेरचे युनिट पश्चिमेच्या भिंतीवर, थेट समुद्राच्या वाऱ्याच्या तोंडी होते. त्यावर २०२१ च्या मे महिन्यातील तौक्ते वादळानंतर गवंड्याने पत्र्याचे छप्पर घालून दिले होते. सर्वांना ते शहाणपणाचे वाटले होते. मेकॅनिकचे मत अगदी उलट होते. उघड्यावरच्या युनिटवरचे मीठ निदान चार महिने पावसाने धुऊन निघते. छपराखालच्या युनिटवर वारा मीठ आणून टाकतो, पाऊस मात्र पोहोचत नाही, आणि मीठ वर्षभर तिथेच ओल धरून बसते. कोकणात तीन हजार मिलिमीटर पाऊस पडत असताना आमचे यंत्र गोड्या पाण्यावाचून गंजत होते, हे पटायला जरा वेळ लागला.

पुढचा प्रश्न भोकाला ठिगळ लावायचे की कॉइल बदलायची, हा होता. ठिगळ त्याच दिवशी लागले असते. पण ज्या कॉइलच्या फिन्सची पूड होते तिच्या उरलेल्या वळणांची हमी कोणी देणार नाही, हे डोळ्यांनी दिसत होते. यंत्र बनवणाऱ्या कंपनीकडे विचारणा केली तेव्हा हमीपत्रावरील बारीक अक्षरातील अट दाखवण्यात आली : कॉम्प्रेसरची हमी मोठी, परंतु गॅस व मजुरी वगळून, आणि खाऱ्या हवेने झालेला गंज तर पूर्णपणे वगळलेला. व्यावसायिक वापर असल्याने तुम्ही ग्राहकच नाही, असेही एकाने फोनवर सुनावले. हे सरसकट खरे नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये व्यापारी हेतूने घेतलेली वस्तू वगळली असली, तरी केवळ स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी विकत घेऊन स्वतः वापरलेली वस्तू त्या व्यापारी हेतूत धरली जात नाही. लहान व्यावसायिकांनी हा मुद्दा लक्षात ठेवावा. आमच्या बाबतीत गंजाची अट स्पष्ट शब्दांत छापलेली असल्यामुळे त्या वाटेने जाण्यात अर्थ नव्हता.

त्या हंगामापुरते ते वळण ब्रेझिंग करून, म्हणजे दुसरा धातू वितळवून भोक भरून, बंद केले, नायट्रोजनचा दाब रात्रभर टिकतो याची खात्री करून गॅस भरला, आणि कॉइल बदलण्याचे मोठे काम जूनवर ढकलले. १ जूनपासून यांत्रिक नौकांची मासेमारी बंद होते, किल्ल्याच्या होड्याही त्याआधीच थांबलेल्या असतात, पर्यटक पांगतात आणि खानावळीचे दालन रिकामे ठेवणे परवडते. कॉइल कोल्हापूरहून मागवावी लागली. दरम्यान लेखी कोटेशन घेतले, आणि माझ्या मते या संपूर्ण व्यवहारातील सर्वांत फलदायी काम तेच ठरले. जुना गॅस कसा काढणार, चाचणी कोणत्या दाबाला व किती वेळ घेणार, व्हॅक्यूम (नळ्यांतली हवा व ओल पंपाने ओढून काढणे) कुठपर्यंत नेणार, नवा गॅस वजनाने भरणार की अंदाजाने, आणि कामाला किती महिन्यांची हमी, एवढे कागदावर मागितल्याबरोबर बोली लावणाऱ्यांपैकी काहींनी फोन उचलणेच बंद केले. स्वस्त दराचा खुलासा आपोआप झाला.

पावसाळ्यात नळ्या उघडण्याचा धोका वेगळा असतो. आमच्या यंत्रात आर-३२ गॅस आहे, आणि या गॅसबरोबर वापरले जाणारे कॉम्प्रेसरचे कृत्रिम तेल हवेतील ओल झपाट्याने शोषून घेते. ओल आत राहिली की आम्ल तयार होते आणि कॉम्प्रेसरच्या वेटोळ्यांचे आवरण खाऊ लागते. पावसाळ्यातल्या कोकणी हवेत उघडी नळी म्हणजे ओलीला आमंत्रणच. म्हणून नळ्यांची तोंडे कापल्याक्षणी टोपणांनी बंद केली जात होती, ब्रेझिंग चालू असताना आत काजळी धरू नये म्हणून नायट्रोजनचा मंद प्रवाह सोडलेला होता, आणि व्हॅक्यूम पंप घड्याळाकडे पाहून नव्हे तर मीटरवर पाचशे मायक्रॉनच्या (नळ्यांत उरलेल्या दाबाचे बारीक माप) खाली आकडा उतरेपर्यंत चालवला गेला. पंप बंद केल्यावरही मेकॅनिक मीटरकडे पाहत बसून राहिले. आकडा चढून थोड्याच वेळात स्थिरावला तर आत ओल आहे, चढतच राहिला तर गळती आहे, असा त्यांचा हिशेब. पहिल्या खेपेस तो चढून स्थिरावला, आणि त्यांनी काही न बोलता नायट्रोजन सोडून पंप पुन्हा सुरू केला. घाईचा माणूस असता तर गॅस सोडून मोकळा झाला असता. शेवटी सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून यंत्राच्या पाटीवर छापलेल्या वजनाइतका गॅस भरला, आणि नळी लांबल्यामुळे मॅन्युअलमध्ये दर मीटरला दिलेले ग्रॅम त्यात मिळवले.

नळी लांबली, कारण युनिटची जागाच बदलली. आता ते पूर्वेच्या बाजूला, जांभ्याच्या भिंतीच्या आडोशाला, पण डोक्यावर छप्पर नसलेले असे आहे. स्वयंपाकघराच्या चिमणीपासूनही ते दूर नेले. तळणीची वाफ फिन्सवर बसली की मीठ तिच्यात रुतून बसते आणि मग पाण्यानेही जात नाही. लोखंडी अँगलऐवजी स्टेनलेस स्टीलचा स्टँड केला. याचा खर्च जास्त आला, परंतु जुन्या स्टँडचा एक पाय हाताने दाबल्यावर चुरला होता, तेव्हा त्यावर चर्चा झाली नाही.

इतके होऊनही दुपारच्या गर्दीत दालन चिकट वाटे. यंत्र तर उत्तम चालत होते : आत ओढली जाणारी हवा सत्तावीस अंश आणि बाहेर पडणारी सोळा. मेकॅनिकने एक उदबत्ती पेटवून स्वयंपाकघर व दालन यांच्यामधील वाढपाच्या खिडकीशी धरली. धूर सरळ रेषेत स्वयंपाकघरात ओढला गेला. चिमणीचा मोठा पंखा चुलीवरची हवा बाहेर फेकत होता आणि तेवढीच हवा त्याला कुठून तरी हवी होती. मागची खिडकी मांजरे मासळीला येतात म्हणून कायम बंद, त्यामुळे तो आम्ही वीज जाळून गार केलेली हवा ओढून घेत होता आणि तिच्या जागी रस्त्यावरची दमट हवा मुख्य दारातून आत येत होती. मागच्या खिडकीला जाळी बसवून ती उघडी ठेवली, वाढपाच्या खिडकीला सरकते झाकण केले. उदबत्तीचा धूर मग जागेवरच घुटमळू लागला. जेवायला बसलेला माणूस सव्वाशे-दीडशे वॅट उष्णता देतो, म्हणजे तीस माणसांसाठीच एक टनाहून (एसीचा एक टन म्हणजे सुमारे साडेतीन हजार वॅट) अधिक क्षमता लागते. त्यावर रस्त्याची हवाही गार करायची म्हटले तर दोन टनांचे यंत्र पुरणार कसे? याच अडचणीवर आणखी एक एसी बसवा, असा सल्ला आम्हाला पूर्वी मिळालेला होता.

आता देखभाल वेळापत्रकाने चालते. एमसीबी (विजेचा मुख्य खटका) बंद करून बाहेरचे युनिट हंगामात पंधरवड्याला साध्या नळाच्या पाण्याने धुतले जाते. प्रेशरचा फवारा मारत नाही, कारण त्याने फिन्स वाकतात. विहिरीचे पाणीही वापरत नाही. किनाऱ्यावरच्या पुष्कळ विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते आणि मीठ धुण्यासाठी पुन्हा मीठच ओतल्यासारखे होते. मे महिन्यातील संध्याकाळी वीजदाब उतरतो, त्यासाठी स्टॅबिलायझर बदलला. प्रत्येक तपासणीचे दाब, तापमान आणि अँपियर एका वहीत लिहून मेकॅनिकची सही घेतली जाते. नव्या कॉइलनंतर दाबाच्या रकान्यातील आकडा हललेला नाही.

राहिला आहे तो गल्ल्यामागच्या खोलीतील जुना दीड टनाचा स्प्लिट. त्यात आर-२२ आहे. ओझोनच्या थराला बाधक म्हणून हा गॅस १९८७ च्या माँट्रियल करारानुसार टप्प्याटप्प्याने बंद होत चालला आहे. त्यात आर-३२ भरून देतो, असे सांगणारा एक जण भेटला होता. आर-३२ पुष्कळ जास्त दाबावर चालतो आणि थोडासा ज्वलनशीलही आहे. आर-२२ साठी बनवलेल्या यंत्रात तो घालणे धोक्याचे आहे, म्हणून त्याला चहा पाजून परत पाठवले. येत्या मासेमारीबंदीत तो स्प्लिट काढून नवा बसवायचे ठरले आहे. दोन कोटेशन आली आहेत. त्यांपैकी स्वस्त असलेल्यात व्हॅक्यूमचा उल्लेख नाही, तेव्हा तो आकडा लिहून द्या, असे कळवले आहे.